शिरोरेघ

बाबा पाट्या रंगवायचे, अक्षरामागे पैसे घेऊन.
मंगळबाजार, रावपुरा, दांडियाबाजार:
बडोद्यात बहुतेक पाट्या गुजराती,
त्यांना वर रेघ लागत नाही.
एखादी आपल्यातली निघाली, खानावळ, हार्मोनियमवाला,
तर सगळी अक्षरं आधी लिहून
शेवटी एका दमात ते रेघ ओढायचे.
तिचे पैसे मात्र घ्यायचे नाहीत.
"रेघ घरची," म्हणायचे.

मला दोन्ही आलं.
शाळेत उघड्या डोक्याची अक्षरं,
घरी डोक्यावर पदर घेतलेली.
भ आला, ध आला, की ब्रश उचलायचा,
तिथे रेघ तुटते, तुटू द्यायची.
माझं नाव विभा धुमाळ.
म्हणजे दोनदा.

मग फ्लेक्स आलं.
ब्रश रॉकेलच्या डब्यात उभ्या उभ्या कडक झाले
आणि बाबा एका शाळेत रात्रीचे वॉचमन.
माझ्या कर्जाच्या कागदांवर
त्यांनी अकरा सह्या केल्या. अकराही सुंदर.

निघायच्या आदल्या रात्री बघते तर
माझ्या नव्या जांभळ्या बॅगेवर
पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये, वीतभर उंचीची,
मी.
चिडलेच. "बाबा, तिकडे कोण वाचणार आहे हे?"
ते म्हणाले, "ओलं आहे अजून. हात लावू नकोस."

अहमदाबादपर्यंत गाडीत टर्पेंटाइनचा वास.
आई रडेल वाटलं होतं,
ती पार्किंगच्या पावतीवरून भांडत राहिली
माझी रांग आत सरकेपर्यंत.

दुबईत पाच तास. पुढे चौदा.
शेजारच्या सीटवर पादऱ्याच्या बा,
मांडीवर थेपल्यांचा डबा, पायात सुनेने पाठवलेले बूट.
"शुं भणवा जाय छे?"
गटाराचं पाणी साफ करायला, मी सांगितलं.
बांनी बराच विचार केला.
"एटले आघे?"
इतक्या लांब?

विमान पश्चिमेला, रात्रही पश्चिमेला,
कुणी कुणाला सोडेना.
मग कुठेतरी, बर्फावर असावं बहुतेक,
खिडकीत नारिंगी रेघ उमटली
आणि तशीच राहिली तासन्‌तास.
खाली सगळा काळोख.
नुसती रेघ. अक्षरांचा पत्ता नाही.
घड्याळ मी बदललं नव्हतं.
बडोद्यात दुपार झालेली,
बाबा ड्यूटीवरून येऊन झोपले असतील,
कोपर डोळ्यांवर.

उतरण्याआधी फॉर्म आले. बांचा मीच भरला.
येण्याचं कारण?
"रमाडवा," बा म्हणाल्या.
खेळवायला, असं होईल मराठीत,
पण त्यात नातीचं वजन मांडीवर येत नाही.
इंग्रजीत मी लिहिलं: कुटुंबाची भेट.
बांनी पेन मुठीत धरून सही केली,
चंचळबेन,
एकेक अक्षर सुटं, रुमालावर वाळत घातल्यासारखं.
मग माझ्या सहीवर बोट ठेवलं:
"आ उपर लीटी शेनी?"
ही वरची रेघ कसली.
"घरनी," मी म्हटलं,
आणि एवढा वेळ न आलेलं काहीतरी
घशात आलं.

बांना मुलगा घेऊन गेला. डबा माझ्याकडेच राहिला.

पट्ट्यावर चार जांभळ्या बॅगा फिरत होत्या.
माझी आली ती उलटी.
नाव डोक्यावर उभं,
अक्षरं वर पाय करून,
आणि बाबांची रेघ
सगळ्यात खाली, जमिनीसारखी,
भपाशी तुटलेली, धपाशी तुटलेली,
त्यांनी सांगितलं होतं तिथेच.

उचलताना अंगठ्याला पांढरं लागलं.
अजून ओलं होतं.